विषय: डॅक गाण्याची सुरुवात खातो आणि तुम्ही केबल बदला म्हणताय

ग्राहक सेवा विभाग,

नमस्कार. तुमचा सगळ्यात स्वस्त मॉडेलचा डॅक (डिजिटल आवाजाचा अँप्लिफायरला चालणारा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) घेतलाय, बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो सोबत जोडलाय. आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल हा उगाच भांडायला आलाय. माझा अँप्लिफायर आणि स्पीकर जुने आहेत पण ठणठणीत आहेत, ते बदलायचे नव्हते आणि तेवढं बजेटही नव्हतं, फक्त लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून वाजवायचा वैताग आला होता कारण माऊस हलवला तरी स्पीकरमधून बारीक किरकिर यायची. तुमच्या डॅकने ती गेली. जुना सीडी प्लेअर ऑप्टिकल केबलने जोडला तर तोही एकदम खुलला. आवाजाबद्दल काही म्हणजे काही तक्रार नाही.

तक्रार आवाज सुरू होण्याबद्दल आहे. यूएसबीवर गाणं लावलं की गाणं सुरू होतं, डॅक गप्प, मग आतून रिलेचा (आउटपुट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) 'टक' असा आवाज येतो आणि तेव्हा कुठे स्पीकर बोलायला लागतात. तोपर्यंत पहिला ठोका गेलेला असतो. गाणं थेट आवाजाने सुरू होत असेल तर पहिला अर्धा शब्द गायब. पॉज करून जरा कुणाशी बोललो आणि परत प्ले केलं की तेच. 44.1 किलोहर्ट्झचं गाणं (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने) संपून पुढचं 48 चं लागलं तरी तेच, म्हणजे मिक्स प्लेलिस्ट असेल तर नुसतं टक टक ऐकत बसायचं.

तुमच्या सपोर्टला मेल केला तर उत्तर आलं की यूएसबी केबल बदलून बघा, आणि खाली तुमच्याच प्रीमियम केबलची लिंक, जिची किंमत डॅकच्या जवळपास निम्मी! अहो केबल खराब असती तर आवाज मधेच कुठेही तुटला असता, दरवेळी मोजून मापून सुरुवातच कशाला खाईल? चोर सोडून संन्याशाला फाशी. तरी प्रिंटरची केबल काढून लावून बघितली, काडीचा फरक नाही.

मग स्वतःच शोधलं. आवाज थांबला की थोड्या वेळाने लॅपटॉप डेटा पाठवणं बंद करतो, डॅकला वाटतं काही येत नाहीये म्हणून तो आउटपुट म्यूट करतो, परत डेटा आला की क्लॉक लॉक होईपर्यंत, म्हणजे येणाऱ्या डेटाच्या वेगाशी आतलं घड्याळ जुळेपर्यंत थांबतो आणि मग रिले जोडून आवाज सोडतो. खात्री करायला मी बॅकग्राउंडला एक पूर्ण शांत ऑडिओ फाईल लूपवर ठेवली, म्हणजे डेटा चालू पण आवाज शून्य, आणि गाणी एकदम पहिल्या क्षणापासून ऐकू आली. सीडी प्लेअरवर हा त्रास होत नाही त्याचंही कारण हेच, माझा प्लेअर स्टॉपला असतानाही सिग्नल पाठवत राहतो त्यामुळे लॉक सुटतच नाही. म्यूट नकोच असं माझं म्हणणं नाही, तो नसेल तर स्पीकरमध्ये धाडकन पॉप येईल हे मलाही कळतं. पण मित्राचा दुसऱ्या कंपनीचा डॅक, किंमत साधारण तेवढीच, त्याच लॅपटॉपला त्याच केबलने लावला तर ना पॉप ना गाणं कापलं जात. म्हणजे जमतं, तुम्ही केलेलं नाही एवढंच. आणि रोज गाणी ऐकायची म्हणून मी मागे शांततेची फाईल वाजवत बसायचं, हा काय प्रकार आहे?

जाता जाता बॉक्सबद्दल. वर मोठ्या अक्षरात 'सर्व इनपुटवर 24 बिट 192 किलोहर्ट्झ', आणि आतल्या पत्रकात बारीक अक्षरात ऑप्टिकलला 96 पर्यंतच. मला 192 ची हौस नाही, सीडी 1982 पासून 16 बिट 44.1 वर चालू आहे आणि माणसाला जे 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं ते त्यात बसतं. माझं म्हणणं एवढंच की 192 चे आकडे छापण्याआधी 44.1 चं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवा. कमी बजेटवाला माणूस फीचर कमी असले तर चालवून घेतो हो, स्क्रीन नाही, रिमोट नाही, मी कुठे काय म्हणालो. गाणं पूर्ण वाजणं हे फीचर नाहीये.

आता मला हवंय ते असं. तुमच्या साईटवर या मॉडेलला फर्मवेअर (डॅकच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मिळतील असं लिहिलंय, तर म्यूटचा वेळ कमी करणारं किंवा डॅक सतत जागा ठेवायचा पर्याय देणारं अपडेट कधी येणार ती तारीख लेखी कळवा. येणार नसेल तर वस्तू परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, कुरिअरचा खर्च तुमचा, कारण दोष वस्तूत आहे. दुसरा तोच पीस पाठवू नका, त्यातही हेच होणार. आणि बॉक्सवरचं ते 'सर्व इनपुटवर' काढा.

15 दिवसांत उत्तर नाही आलं तर ही सगळी मेलामेली आणि व्हिडिओ (टक आणि कापलेली सुरुवात दोन्ही नीट ऐकू येतात) जोडून ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे. उत्तर देणाऱ्याने आधी हा डॅक लॅपटॉपला लावून एक गाणं ऐकावं, पॉज करून परत लावावं, मगच लिहावं. केबलबद्दल परत लिहू नये.

आपला ग्राहक