बहिऱ्या माणसाला मशीन देण्याआधी ऑफिसांना मेसेजचा नंबर घ्यायला लावा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात सध्या एक विषय निघालाय, तो तुमच्या पेपरात यावा म्हणून लिहितोय. इथल्या एका मंडळाच्या पोरांनी वर्गणीतनं उरलेल्या पैशात ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी अमेरिकेतले ते टाईप करायचे टेलिफोन मागवायचं ठरवलंय. कुणाचा तरी पुतण्या तिकडं असतो, तो म्हणाला जुने स्वस्तात मिळतात, पाठवून देतो. पोरांचं मन चांगलंय, डीजेवर उडवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण मी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, केबलचे जॉइंट मारले, एक्स्चेंजला रात्रपाळ्या केल्या, त्यामुळं गप्प बसवेना. ती मशीनं सोलापुरात चालायची नाहीत, आणि समजा चालली तरी त्यावर बोलणार कुणाशी?

आधी ते मशीन काय असतं ते सांगतो. १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेख्ट म्हणून एक अमेरिकन शास्त्रज्ञ, स्वतः बहिरा, त्यानं जुना टेलिप्रिंटर साध्या फोनला जोडायची युक्ती काढली. रिसीव्हर दोन रबरी कपांत ठेवायचा, इकडं बटण दाबलं की टूंटूं आवाज लाईनवरनं जाणार आणि तिकडचं मशीन तो आवाज पकडून अक्षर छापणार. आपल्या तार ऑफिसात खडखड करायचे ते टेलिप्रिंटर ज्यांनी बघितलेत त्यांना लगेच कळेल. पुढं त्याचं लहान मशीन झालं, खाली कीबोर्ड, वर एका ओळीचा डिस्प्ले, नाव टीटीवाय. एका वेळी एकानंच टाईप करायचं, आपलं झालं की जीए टाकायचं म्हणजे समोरचा सुरू करणार, आणि फोन ठेवायचा असला की एसके. सेकंदाला सहा एक अक्षरं जातात. त्या काळात ज्या माणसाला साधं डॉक्टरला कळवायला पण शेजाऱ्याच्या दारात जावं लागायचं त्याच्यासाठी हे केवढं होतं विचार करा.

आता इथली अडचण. ते मशीन पाच बिटच्या कोडवर चालतं, म्हणजे सगळ्या मिळून ३२ खुणा, त्यात शिफ्ट मारून इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि आकडे कसेबसे बसवलेत. मराठी नाही, तेलुगू नाही, कन्नड नाही. म्हणजे आमच्या इथल्या माणसानं दवाखान्याला 'पोटात दुखतंय' हे कॅपिटल इंग्रजी अक्षरात कळवायचं. दुसरं, ते तांब्याच्या तारेच्या लाईनसाठी बनवलंय. फायबरवर आणि मोबाईलवर आवाजाची तुकडे करून पुडकी पाठवतात, एखादं पुडकं मधे गळालं तर आपण बोलताना कळत पण नाही, पण टीटीवायला तेवढ्यात एक अक्षर जातं नाहीतर भलतंच अक्षर उमटतं. फोन नंबर सांगायला गेलात आणि एक आकडा बदलला की संपलं. आता सोलापुरात तांब्याच्या लाईनी राहिल्यात किती ते मी सांगायला नको, ज्यांच्या घरी आहेत त्यांना विचारा पावसाळ्यात काय होतं. आणि अमेरिकेचं मशीन १२० व्होल्टचं, त्याला ट्रान्सफॉर्मर वेगळा लागणार, पण ती अडचण त्यातल्या त्यात किरकोळ.

खरी गोष्ट वेगळीच आहे. तिकडं ते मशीन चाललं ते मधल्या माणसामुळं. १९९० साली त्यांच्याकडं अपंगांच्या हक्काचा कायदा झाला, त्यात टेलिफोन कंपन्यांवर रिले सेवा द्यायची सक्ती आली आणि १९९३ पासून ती देशभर सुरू झाली. पुढं त्यासाठी ७११ हा नंबर आला. ७११ लावला की ऑपरेटर येणार, बहिऱ्या माणसानं टाईप केलेलं तो समोरच्याला वाचून दाखवणार आणि समोरचा बोलेल ते टाईप करून परत पाठवणार. त्यामुळं बँकेकडं, दवाखान्याकडं मशीन नसलं तरी काम व्हायचं. आपल्याकडं मधे बसणारा तो ऑपरेटर कुठंय? नुसतं मशीन आणून ठेवलं तर त्याच्यावरनं फक्त दुसऱ्या मशीनवाल्याशीच बोलता येणार. मंडळानं जेवढी आणली तेवढेच लोक एकमेकांना जीए जीए करत बसणार. आणि तिकडं पण आता टीटीवाय मागं पडत चाललंय, २०१६ साली त्यांच्या सरकारनं कंपन्यांना त्याच्याऐवजी आरटीटी म्हणजे रिअल टाईम टेक्स्ट द्यायला परवानगी दिली. त्यात टाईप करतानाच एकेक अक्षर समोर दिसतं, वेगळं मशीन लागत नाही, स्मार्टफोनमधेच ती सोय असते. फक्त हँडसेट आणि कंपनीचं नेटवर्क दोन्हीत ती पाहिजे, म्हणून फोन घेताना दुकानदाराला नुसतं कॅमेरा किती मेगापिक्सेल विचारू नका, हे पण विचारा.

मग घ्यायचं काय? तर आधी माणूस बघा, मग वस्तू. आमच्या शेजारचे अण्णा, जन्मभर टॉवेल विणायच्या यंत्रमागावर कामाला होते. कारखान्याच्या नियमात आठ तासाला ९० डेसिबलची मर्यादा आहे पण मागाच्या शेडमधे तेवढ्यावर थांबतंय कोण, तिथं दोन माणसं ओठ बघून बोलतात. अशा आवाजानं कान जातो तो आधी वरच्या पट्टीत जातो, ४००० हर्ट्झच्या आसपास. स, श, फ, थ असली अक्षरं तिथलीच, म्हणून माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाही. आणि साध्या टेलिफोन लाईनवर आवाज जातो तो फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे अण्णांना जे आधीच कमी ऐकू येतं ते फोन वरनं कापूनच टाकतो, त्यात ओठ पण दिसत नाहीत. म्हणून अण्णा कट्ट्यावर समोरासमोर मस्त गप्पा मारतात आणि फोनवर नुसतं 'आँ? आँ?' करतात, सून म्हणती नाटक करतात. नाटक नाही हो ते.

अण्णांसारख्याला आधी सरकारी दवाखान्यातनं कानाची तपासणी करून घ्यावी लागती, त्या तपासणीचा आलेख हातात आल्याशिवाय कानाचं मशीन पण घेऊ नका आणि फोन पण. आपल्या २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांचं नुकसान ७० डेसिबल असलं तर बहिरा आणि ६० ते ७० असलं तर कमी ऐकू येणारा असं धरलंय, अपंगत्वाच्या दाखल्याला ते लागतं. कानाचं मशीन घेताना त्यात टी म्हणजे टेलिकॉईल आहे का बघा, नाहीतर ब्लूटूथ तरी, म्हणजे फोनचा आवाज थेट मशीनमधे येतो, बाजूचा भोंगा, रिक्षा, कुकर काही मधे येत नाही. बरेच दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत आणि मशीनमधे असलं तरी चालू करून देत नाहीत. मोबाईलच्या सेटिंगमधे रिंग वाजली की फ्लॅश चमकायची सोय असते ती पण चालू करून द्या, पोराटोरांना एक मिनिट लागतंय.

ज्यांना वाचता येतं पण ऐकू जवळजवळ येत नाही त्यांना लाईव्ह ट्रान्सक्राईब नावाचं गूगलचं फुकट ॲप आहे, अँड्रॉइडवर चालतं, २०१९ ला आलं, बहिऱ्यांच्या गॅलॉडेट विद्यापीठाला बरोबर घेऊन बनवलेलं. समोरचा बोलतो ते पडद्यावर उमटतं, मराठी आहे, तेलुगू पण आहे आणि दोन भाषा निवडून ठेवून लागेल तशी झटकन बदलता येती, आमच्या पूर्व भागाला हे लई कामाचं. फोनवरचं बोलणं वाचायचं असलं तर एक मोबाईल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचा आणि दुसऱ्यावर हे ॲप चालू करून शेजारी ठेवायचा. अण्णांच्या घरी हे लावून दिलं. जावई सावकाश बोलला तेव्हा ओळी बऱ्यापैकी बरोबर आल्या, मग अण्णांचा भाऊ बोलायला लागला अर्धं तेलुगू अर्धं मराठी त्याच्या सवयीनं आणि पडद्यावर 'विडी घर कूल' आलं, अण्णा हसून हसून खोकायला लागले. नेट चांगलं पाहिजे आणि आकडे, नावं, औषधाची नावं यावर भरवसा ठेवू नका, ती मेसेज करूनच मागवा.

आणि जे जन्मापासून ऐकू न येणारे आहेत त्यांचा विषय सगळ्यात वेगळा. सगळ्यांनाच मराठी लिहिलेलं भराभर वाचता येतं असं धरून चालू नका. त्यातल्या खूप जणांची पहिली भाषा हातवाऱ्यांची आहे, त्यांचा टेलिफोन म्हणजे व्हिडिओ कॉल. त्यांना मशीन द्यायचंच तर पुढचा कॅमेरा चांगला असलेला मोबाईल, एक स्टँड म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि महिन्याचा डेटा पॅक. खोलीत तोंडावर उजेड पाहिजे, पाठीमागनं खिडकीचा उजेड आला की हात काळे दिसतात, कॉल फुकट जातो. सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ ला केंद्र सरकारनं स्वतंत्र संस्था काढली, तिनं शब्दकोश पण केलाय, पण आपल्या इथं ऑफिसातल्या एका तरी खिडकीवर ती भाषा येणारा माणूस बसलाय का?

म्हणून मंडळाच्या पोरांना आणि तुमच्या पेपरामार्फत सगळ्यांनाच माझं सांगणं आहे की पैसे मशीनवर घालण्याआधी पलीकडचं टोक दुरुस्त करा. गॅसवाल्याचं बघा, बुकिंग मेसेजवर, सिलेंडर आणल्यावर सांगायचा कोड मेसेजवर, अण्णा कुणाची मदत न घेता गॅस मागवतात. आणि इथल्या एका खाजगी दवाखान्यात? नंबर लावायचा तर फोनच करा म्हणणार, मग रिसेप्शनवाली उलट फोन करणार आणि उचलून उत्तर दिलं नाही की नंबर पुढच्याला. अण्णांनी कानाच्याच डॉक्टरची वेळ अशी घालवली, आता बोला! मेसेज करा म्हटलं तर आमची तशी पद्धत नाही म्हणे. बँकेचं पण तेच, केवायसीला 'तुम्ही स्वतःच बोला' म्हणणार, मुलाला बोलू देणार नाही, आणि अण्णांना ऐकू येणार नाही. पोलिसांच्या ११२ ला निदान मोबाईल ॲप तरी आहे, ते प्रत्येक कर्णबधिर माणसाच्या फोनवर आत्ताच टाकून द्या.

मंडळाच्या पोरांनी एक काम करावं. सात रस्त्यापासनं नवी पेठेपर्यंत जेवढे दवाखाने, मेडिकल, बँका, वॉर्ड ऑफिसं आहेत तिथं जाऊन फोन नंबरच्या खाली मेसेजचा नंबर लिहून घ्यावा आणि तो बघणारा माणूस ठरवून घ्यावा, नाहीतर नुसताच नंबर लावतील आणि निळी टिक पण येणार नाही. महापालिकेनं तक्रारीच्या बोर्डावर हे सक्तीचं केलं तर अजून बरं, त्याला बजेट लागत नाही. उरलेल्या पैशात पाच-सहा मोबाईल, स्टँड आणि डेटा पॅक येतील, आणि घरोघरी जाऊन सेटिंग करून द्यायला मी रिकामाच आहे.

एक शेवटचं, रागावू नका. तुमच्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर 'संपर्क' म्हणून नुसता लँडलाईन नंबर असतो आणि खाली 'दुपारी ४ पर्यंत फोन करावा' लिहिलेलं असतं. अण्णांना त्यांच्या नातीच्या लग्नाची जाहिरात द्यायचीय. तिथं व्हॉट्सॲप नंबर टाकलात तर हे पत्र छापलं नाही तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी
पूर्व भाग, सोलापूर