आजारपणाची एफडी

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, आईने तुमचा रिपोर्ट पाठवला. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. फोनवर तुम्ही म्हणालात, "काळजी करू नकोस, आजारपणासाठी वेगळी एफडी केलीये." बाबा, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आजीचं डायलिसिस आठवतं ना? आठवड्यातून दोनदा, जीपचं भाडं वेगळं. दोन वर्षांत विहिरीकडची पट्टी विकावी लागली. तिचीही सुरुवात "थोडी साखर आहे" अशीच होती.

इथे इंडियानापोलिसला मी दर मंगळवारी संध्याकाळी वायएमसीएमध्ये, म्हणजे इथल्या सार्वजनिक व्यायाम केंद्रात, मधुमेह टाळायच्या क्लासला मदत करायला जातो. तुमच्यासारखी उंबरठ्यावरची दहा-बारा माणसं येतात. दाराशीच वजनकाटा असतो, प्रत्येकाच्या हातात आठवडाभराच्या खाण्याची वही. एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर आहेत. कोल्ड्रिंक सोडलं त्या आठवड्यात त्यांनी आपली वही सगळ्यांच्या हातात फिरवली. क्लास घ्यायला डॉक्टर लागत नाही, शिकवून तयार केलेलं साधं माणूस पुरतं.

हा अभ्यासक्रम अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगातून आला. 2002 साली त्याचे निष्कर्ष छापून आले: वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. साठीच्या पुढच्यांत तर 71. पण तिथे एकेकाला वेगळं बसवून शिकवायचे, पहिल्या वर्षी माणशी साधारण चौदाशे डॉलर लागायचे. आमच्याच गावच्या वायएमसीएने तेच गटात करून पाहिलं आणि खर्च तीनशेच्या आसपास आला. पुढे मेडिकेअरने, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, हिशेब मांडला: क्लासला आलेल्या माणसामागे 15 महिन्यांत 2650 डॉलर वाचले. 2018 पासून या क्लासचे पैसे मेडिकेअर भरतं.

आपल्याकडे चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांनी असाच अभ्यास केला. तिथे घट 28.5 टक्के निघाली. आकडा लहान आहे, पण आजीच्या घरातल्या माणसाला तो लहान वाटू नये.

तुमचं वजन 78 धरलं तर साडेपाच किलो उतरवायचेत. त्यासाठी अजिंक्यताऱ्याचा तुमचा सकाळचा ग्रुप होताच की! शेजारचे काका मुलाकडे पुण्याला गेले आणि तुम्ही जाणं सोडलंत. एकट्याने चढायला जीवावर येतं, हे कळतं मला. इथेही एखादा मंगळवारी आला नाही की आम्ही फोन करतो, आणि त्या फोनमुळेच तो पुढच्या मंगळवारी येतो.

एफडी राहू द्या. फक्त ग्रुपमधल्या उरलेल्यांना आज संध्याकाळी फोन करा. आणि आई, तूही जा त्यांच्याबरोबर. गुडघे दुखले तर गड नको, सपाटीवरच चाला दोघं. बाबांचे नऊ नंबरचे बूट पुढच्या महिन्यात दादासोबत पाठवतोय. तुझ्या पायाचं माप कागदावर काढून फोटो पाठव, टाच धरून अंगठ्यापर्यंत.

तुमचा,
धाकटा