टॉमी-टपेन्सचं शेवटचं पुस्तक

रेडिंग, इंग्लंड

ती. बाबांना सा. न.

तुम्ही सांगितलेलं अगाथा ख्रिस्तीचं ‘पोस्टर्न ऑफ फेट’ इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं. पार्सल करण्याआधी वाचून काढलं. बाबा, फार आशा ठेवू नका.

सुरुवात अशी आहे, की तुम्ही चहा गार होऊ द्याल. टॉमी आणि टपेन्स, ख्रिस्तीबाईंची ती रहस्यं उलगडणारी नवरा-बायकोची जोडी, म्हातारपणी एका जुन्या घरात राहायला येतात. आधीच्या लोकांनी सोडलेली मुलांची पुस्तकं टपेन्स लावत असते. स्टीव्हन्सनच्या ‘द ब्लॅक ॲरो’मध्ये तिला काही अक्षरांखाली रेघा दिसतात. अक्षरं जुळवली तर निघतं काय, तर मेरी जॉर्डनचा मृत्यू नैसर्गिक नव्हता, आणि हे काम आपल्यातल्याच कुणाचं तरी आहे!

आणि पुढे? चहा, कुत्रा हॅनिबल, घरातली दुरुस्तीची कामं, परत चहा. जो भेटतो तो ‘असं कुणीतरी म्हणत होतं बुवा’ एवढंच सांगतो. टपेन्स घरी येऊन तेच टॉमीला सांगते, म्हणजे आपण दोनदा ऐकायचं. म्हातारा माळी आयझॅक मारला जातो, तरी गप्पांचा वेग काही बदलत नाही. मेरीला पालकात फॉक्सग्लोव्ह या विषारी झाडाची पानं मिसळून मारलेलं असतं. विष म्हणजे तर ख्रिस्तीबाईंचा हातखंडा. पहिल्या महायुद्धात त्या इस्पितळाच्या औषधखोलीत काम करत होत्या. पण इथे तेही वाया गेलंय. ‘आपल्यातला’ तो कोण, हे मला शेवटपर्यंत धड कळलं नाही. तुम्हाला लागला पत्ता तर कळवा.

पुस्तक आलं 1973 साली, तेव्हा बाई 83 वर्षांच्या होत्या. त्यांनी लिहिलेली ही शेवटची कादंबरी. तुम्ही म्हणाल, मग त्यांचंच 1975 चं ‘कर्टन’ इतकं घट्ट विणलेलं कसं? ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवलेलं होतं. त्यामुळे बाईंवर राग नाही येत. पण छापणाऱ्यांपैकी कुणीतरी ‘बाई, ही पन्नासेक पानं कापू या’ म्हणायला हवं होतं की नाही? नाव मोठं, खप ठरलेला, कोण बोलणार!

वाईट जास्त वाटतं ते या जोडीमुळे. बाईंचा दुसरा गुप्तहेर प्वारो 1920 मध्येच निवृत्त पोलीस होता आणि पुढे पन्नास वर्षं तसाच राहिला. हे दोघं मात्र वाचकांबरोबर म्हातारे झाले. 1922 मध्ये खिशात दमडी नसलेली, कामधंदा शोधणारी पोरं, 1941 च्या ‘एन ऑर एम?’मध्ये मोठ्या मुलांचे आईबाप, आणि आता आजी-आजोबा. इतकी वर्षं सोबत केल्यावर निरोप जरा बरा हवा होता.

एक जागा मात्र सावकाश वाचा. काचघरात मथिल्ड नावाचा जुना खेळण्यातला घोडा सापडतो. हा घोडा खरा. टॉर्कीला बाईंच्या लहानपणीच्या घरी तो होता, त्यांच्या आत्मचरित्रात आहे. ते घर पुढे पाडलं. रहस्य बाजूला ठेवून त्या तिथे रेंगाळल्यात आणि तेवढी पानं झकास उतरलीत.

शनिवारी पार्सल पोस्टात टाकते. त्यात आईसाठी लोकरीचे मोजे आहेत, ते तिलाच द्या. मागच्या वेळचे तुम्हीच घालून बसलात, असं ती फोनवर सांगत होती.

तुमची,
मनू