इथे खाडा मिळत नाही

20 ऑक्टोबर 2024

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

भाऊबीज झाली की तुम्ही निघाल आणि 11 नोव्हेंबरला आपण ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला पोचू. तिथल्या तुमच्या जेवणाचे पैसे मी आधीच भरले आहेत. फोनवर हा विषय काढला की आई म्हणते, "तिथे गेल्यावर बघू." पण आधी नीट समजून घेतलं नाही तर यात पैसे हमखास वाया जातात, म्हणून सविस्तर लिहिते. हे छापून घ्या आणि बाबांच्या पाकिटात ठेवा.

बाबा, खानावळीत महिन्याचे पैसे भरून कार्ड घेतात ना, तसंच हे आहे. फरक एकच, पण मोठा: इथे खाडा मिळत नाही. जेवला नाहीत म्हणून एक डॉलरही परत येत नाही. जेवणं तुमच्या खोलीच्या नावावर जमा असतात आणि खोली सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री जी उरली असतील ती संपतात. "मला फारशी भूक नाही, आपण दोघांत एकच घेऊ" ही आपली घरची सवय एरवी चांगली आहे, पण इथे तिनंच नुकसान होतं. आई, हे खास तुझ्यासाठी.

जेवणं दिवसांवर नाही, रात्रींवर मोजतात. आपण 11 ते 16 नोव्हेंबर राहणार, म्हणजे दिवस सहा आणि रात्री पाच. तुमचा आहे क्विक सर्व्हिस प्लॅन, म्हणजे काउंटरवरून ट्रे घेऊन स्वतः टेबलाशी बसायचं. त्यात माणशी दर रात्रीला दोन जेवणं आणि एक स्नॅक, शिवाय मुक्कामभर पुन्हापुन्हा भरून घेता येईल असा एक मग. दोघांची मिळून 20 जेवणं आणि 10 स्नॅक. ती कुठल्या दिवशी किती वापरायची याला बंधन नाही. एका दिवशी सहा घेतलीत तरी चालतात आणि एकही घेतलं नाहीत तरी ती पुढे राहतात, पण 16 तारखेच्या रात्रीपर्यंतच.

आमच्या खोलीचा प्लॅन वेगळा आहे. त्यात रोज एक वेळ वेटर वाढतो अशा ठिकाणचं जेवण असतं. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो, म्हणून मुद्दाम दोन बुकिंगं केली. ते बसून खायचं जेवण जड असतं, शेवटी गोड असतं आणि तासदीड तास मोडतो. बाबांच्या साखरेला आणि आईच्या झोपेला ते रोज झेपणार नाही.

बाबा किंमत विचारतीलच. करोनात बंद झालेला हा प्लॅन 9 जानेवारी 2024 ला पुन्हा सुरू झाला. 2024 च्या दरानं तुमच्या प्लॅनला मोठ्या माणसामागे दर रात्रीला 57.01 डॉलर पडतात, आमच्याला 94.28. तुमचे दोघांचे पाच रात्रींचे झाले 570.10 डॉलर, म्हणजे जवळपास 48 हजार रुपये. यात बचत होते का? खरं सांगते, शाकाहारी आणि बेताचं खाणाऱ्या माणसाची होत नाही. 57 मधून स्नॅकचे सहा-सात आणि मगचे रोजचे चारएक डॉलर वजा केले तर एक जेवण साधारण 23 डॉलरला पडतं, आणि शाकाहारी पदार्थ नि पेय मिळून बहुतेक 18-20 लाच होतात. मांसाहारी महाग पदार्थ आणि जेवणासोबत बिअर किंवा वाईन घेणाऱ्यांचे पैसे वसूल होतात. तरीही मी प्लॅन घेतला, कारण प्रत्येक काउंटरवर तुम्ही डॉलरला 84 नं गुणाल आणि मग "चहाच पुरे" म्हणाल. पैसे भरून झाले आहेत. आता गुणाकार करायचा नाही.

एका जेवणात मिळतं एक मुख्य पदार्थ आणि एक पेय. गोड पदार्थ त्यात येत नाही, त्याला स्नॅक वापरायचा. पेयात कोक, लेमोनेड, कॉफी, मिल्कशेकही चालतो आणि पाण्याची सीलबंद बाटलीसुद्धा. बाबांनी बाटलीच घ्यावी आणि पिशवीत ठेवावी. पाण्यासाठी स्नॅक मात्र कधीच खर्च करू नका. सरबतांचं मशीन असलेल्या कुठल्याही काउंटरवर "आइस वॉटर" मागितलं की पेलाभर थंड पाणी फुकट देतात. आईच्या घशाला सोसत नाही, तिनं "नो आइस" म्हणावं.

आता ऑर्डर कशी द्यायची ते. हॉटेलात पोचल्यावर खोलीचं कार्ड मिळेल आणि चार आकड्यांचा पिन ठरवायचा आहे. तो दोघांनाही पाठ हवा. काउंटरवर उभं राहिलात तर आधी "डायनिंग प्लॅन" एवढं सांगायचं, मगच पदार्थ. कार्ड मिकीच्या डोक्याचं चित्र असलेल्या गोल यंत्राला टेकवायचं आणि पिन विचारला तर दाबायचा. पावती टाकून देऊ नका. किती जेवणं आणि किती स्नॅक उरले ते तिच्यावर छापलेलं असतं.

पण दुपारी बारा ते दोन रांगा मोठ्या असतात आणि बाबांना गोळी वेळेवर घ्यायची असते, म्हणून शक्यतो फोनवरून ऑर्डर करा. बाबांच्या फोनवर माय डिस्ने एक्स्पीरियन्स हे अ‍ॅप मी घालून देईन, पार्कात वायफाय फुकट आहे. मोबाइल ऑर्डरमध्ये जाऊन जागा निवडायची, किती वाजता पोचणार ती वेळ निवडायची, मग पदार्थ आणि पेय. पुढे पैशाच्या पानावर थांबा. तिथे डायनिंग प्लॅन निवडला आहे ना ते डोळ्यांनी बघा. बँकेचं कार्ड निवडलेलं राहिलं तर जेवण मिळतं, पण पैसे कार्डावरून जातात आणि प्लॅनमधलं जेवण तसंच पडून राहतं. दुसरी चूक याहून नेहमीची. ऑर्डर दिली म्हणजे स्वयंपाक सुरू झाला असं नाही. तिथे पोचल्यावर "मी आलो, तयार करा" अशा अर्थाचं इंग्रजी बटण येतं, ते दाबल्याशिवाय आत कोणी ताट लावायला घेत नाही. लोक खिडकीपाशी वाट बघत उभे राहतात आणि ऑर्डर गेलेलीच नसते. बटण दाबल्यावर थोड्या वेळानं निरोप येतो, त्यात खिडकीचा नंबर असतो. अकराला आणि संध्याकाळी साडेचार-पाचला जेवलात तर बसायलाही निवांत जागा मिळते.

आई, शाकाहाराचं. मेनूत पदार्थाशेजारी हिरवं पान असेल तर डोळे मिटून घे. त्यात मांस, अंडं, दूध, मध यांतलं काही नसतं. पान नसेल तर विचारायचंच, कारण नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की इथे अंडं धरून चालतात. सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, आणि बटाट्याचे फ्राइज कोंबडी तळलेल्याच तेलात तळलेले असू शकतात. मार्शमॅलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. राइस क्रिस्पीच्या, म्हणजे कुरमुऱ्यांसारख्या दाण्यांच्या, मिकीच्या आकाराच्या वड्या दुकानात फार गोंडस दिसतात, पण मार्शमॅलोनं चिकटवलेल्या असतात, म्हणून तुझ्यासाठी नाहीत.

कालनिर्णयात 12 नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी आहे आणि त्याच दिवशी आपण डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कात असू. उपास सोडू नकोस, प्लॅनमध्ये तो बसतो. तुझी त्या दिवशीची दोन जेवणं बुडत नाहीत, पुढे जातात. पार्कात घरचं खाणं नेऊ देतात, फक्त गरम करावं लागणारं नको आणि काचेचं काही नको. उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की मी बांधून घेईन. तिथे सफरचंद, केळं, कापलेली फळं स्नॅकमध्ये मिळतात. अलोहा आइल या टपरीवर डोल व्हिप म्हणून अननसाचं मऊसर, पिवळं, आइस्क्रीमसारखं काही मिळतं. दूध नाही त्यात, पण दाट होण्यासाठी काहीबाही घातलेलं असतं, तेव्हा उपासाला घ्यायचं का ते तू ठरव. नाहीतर दुसऱ्या दिवशी खा, पण खाच. बाबा त्या दिवशी तिथल्याच पिनोकिओ व्हिलेज हाउसच्या काउंटरवर चीजचा फ्लॅटब्रेड घेतील.

मी सगळी मांडणी करून ठेवली आहे. नाश्त्याला एरवी जेवण खर्च करायचं नाही, कारण नाश्ता स्वस्त असतो आणि कापलं जातं पूर्ण जेवण. सकाळी खोलीतच थालीपीठ आणि भडंग. खोलीत छोटा फ्रिज आहे. 11 ला फक्त रात्रीचं, दोन गेली. 12 ला बाबांचीच दोन, आणि स्नॅक चार, त्यातले तीन आईचे. 13 ला आईचं पारणं, म्हणून त्या सकाळी दोघांनी काउंटरवरचा गरम नाश्ता घ्यायचा. तो आणि दोन वेळचं मिळून सहा. 14 ला एपकॉट हे दुसरं पार्क, चार जेवणं. तिथे 23 नोव्हेंबरपर्यंत फूड अँड वाइन फेस्टिव्हल आहे, आणि देशोदेशीच्या टपऱ्यांवर ज्या पदार्थांना स्नॅकची खूण असते ते स्नॅकवर मिळतात. स्नॅकचं खरं मोल इथेच वसूल होतं, म्हणून चार याच दिवसासाठी राखले आहेत. 15 ला अ‍ॅनिमल किंगडम हे पार्क, दुपारची दोन. तिथल्या सातूली कँटीनला जा. वाडग्यात खाली भात किंवा नूडल्स आणि वर तिखट कुरकुरीत टोफू असं मिळतं, आईला तेच आवडेल असं वाटतं. 16 ला निघायचं, नाश्ता आणि दुपारचं मिळून चार, आणि उरलेले दोन स्नॅक वाटेत खायला. झाली वीस आणि दहा.

15 च्या दुपारनंतरची दोन जेवणं मी यात धरली नाहीत, कारण तेव्हा आपण सगळे सना नावाच्या रेस्टॉरंटला जाणार आहोत. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किदानी व्हिलेज भागात ते आहे, वाढपी असलेलं. तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाही, तुमचे पैसे मी वेगळे देईन. अशा ठिकाणचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच मी दिवसाउजेडीची वेळ घेतली. उशिराची मुद्दाम नाही घेतली. नोव्हेंबरात तिथे साडेपाचला सूर्य मावळतो, आणि काचेपलीकडच्या कुरणात जिराफ आणि झेब्रे उजेड आहे तोवरच दिसतात. तिथे ब्रेड सर्व्हिस मागवायची. लाकडी पाटावर गरम नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा, आणि लहान वाट्यांत नऊ तोंडीलावणी: काकडीची कोशिंबीर म्हणावी असा रायता, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं, असं बरंच. चार दिवस चीज आणि पाव खाल्ल्यावर ते लसणाचं लोणचं जिभेला लागलं की आईचा चेहरा कसा होईल ते मला आताच दिसतंय. ते बुकिंग कुणीही चुकवायचं नाही. ऐन वेळी न गेल्यास माणशी दहा डॉलर दंड पडतो, रद्द करायचं तर निदान दोन तास आधी करावं लागतं.

तिथे टीपही द्यावी लागेल, 18 ते 20 टक्के. ती कुठल्याच प्लॅनमध्ये नसते. सहा किंवा जास्त माणसं असली की 18 टक्के आपोआप बिलात लावतात. आपण पाचच आहोत, म्हणून हातानं लिहायची. तुमच्या काउंटरवरच्या जेवणांना टीप नाही, कुणी मागणारही नाही.

पुन्हापुन्हा भरायच्या मगबद्दल सांगायचं राहिलं. तो फक्त हॉटेलात भरता येतो, पार्कात नाही, तेव्हा खांद्यावर वागवत नेऊ नका. बुडाशी चिप असते, मुक्काम संपला की मशीन ओळखत नाही. चहाच्या पुड्या आणि गरम पाणी तिथेच मिळतं, दूध घालून चहा करा. बाबा, त्याच मशीनला कोक नि गोड सरबतंही आहेत, कितीही भरा म्हणतात. तुम्ही त्या बाजूला जायचं नाही.

आम्ही दिवसातून दोन-तीन तास पाळण्यांच्या रांगेत असू, आणि त्या वेळात तुम्ही दोघंच जेवाल असं बहुतेक दिवशी होईल. अडलात तर काउंटरवरच्या माणसाला कार्ड दाखवा आणि "हाउ मेनी लेफ्ट" विचारा, ते बघून सांगतात.

आई, सामानात लोणचं आणशीलच, पण काचेची बरणी पार्कात चालणार नाही, प्लॅस्टिकच्या डबीत भर. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असू देत.

तुमची,
मनू