पानिपतावर संक्रांत ढकलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल, बुधवार दि. १४ जानेवारी २०२६ च्या अंकातले 'दिनविशेष' वाचले. पत्र कालच लिहिणार होतो, पण घरात आधीच एक वाद चालू होता. यंदा संक्रांत आणि षट्‌तिला एकादशी एकाच दिवशी आल्या. सौभाग्यवतींचा उपास, गुळपोळ्या मात्र केलेल्या. 'तुम्हाला चालत असेल तर खा' हे ज्या सुरात सांगितले गेले, त्या सुरापुढे तूप घालूनही पोळी घशाखाली उतरेना. म्हणून आज किंक्रांतीला लिहितो आहे. करिदिनाला शुभकार्य करू नये म्हणतात. हे काही शुभकार्य नव्हे.

आपल्या सदरलेखकांनी चौकट टाकून सांगितले आहे की १४ जानेवारी १७६१ रोजी, 'ऐन मकर संक्रांतीच्या दिवशी', पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला, विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले, आणि तेव्हापासून मराठीत 'संक्रांत कोसळणे' असे म्हणू लागले. वर 'तुम्हाला हे माहीत आहे का?' असा प्रश्नही आहे. नाही, माहीत नव्हते. कारण ते तसे झालेले नाही.

तारीख बरोबर आहे. त्या दिवशीही बुधवारच होता. १७६१ चे कॅलेंडर आणि यंदाचे कॅलेंडर वाराला वार जुळते, हवे तर ताडून पाहा (ही गंमत छापली असतीत तर मी आपले कौतुक करणारे पत्र लिहिले असते). तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. फक्त संक्रांत त्या दिवशी नव्हती. ती दहा जानेवारीच्या सुमारासच होऊन गेली होती. छावणीत दाणावैरण संपलेली, माणसे आणि जनावरे उपाशी. तिळगुळाची आठवण तरी कुणाला झाली असेल की नाही, देव जाणे.

आता हे मला कसे कळले? मी कुणी इतिहाससंशोधक नाही. आपलेच वर्तमानपत्र वाचून कळले! परवाच्या सोमवारी, १२ तारखेला, ह्याच सदरात आपण लिहिलेत की स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, 'मकर संक्रांतीच्या पुण्यदिवशी' झाला. ते अगदी खरे आहे. म्हणजे १८६३ साली संक्रांत बाराला, त्याच्या शंभर वर्षे आधी चौदाला, आणि यंदा पुन्हा चौदाला? संक्रांत काय झोक्यावर बसली आहे? सोमवारचे सदर बुधवारच्या सदराने वाचायला नको का?

सूर्य मकर राशीत गेला हे पंचांगकर्ते ताऱ्यांवरून धरतात, आणि इंग्रजी तारीख चालते ऋतूंवरून. ताऱ्यांचे वर्ष आणि ऋतूंचे वर्ष यांत वीस मिनिटांचा फरक. साधारण बहात्तर वर्षांत त्याचा एक दिवस होतो आणि संक्रांत एक तारीख पुढे सरकते. लीप वर्षामुळे मधूनच इकडेतिकडे होते, २०२४ ला नाही का ती पंधराला आली? पण एकूण चाल पुढचीच. मागे जायचे तर तारखा कमी करत जायला हव्यात, एवढे तरी.

राहिला वाक्प्रचार. पंचांगात दर वर्षी संक्रांतीचे फल छापलेले असते. ती कशावर बसून आली, काय नेसली, कोणत्या दिशेकडून आली आणि कुठे बघते आहे. जिकडे बघेल तिकडे अनिष्ट. आमच्याकडे तर डिसेंबरपासूनच ह्या वर्षी कुठल्या रंगाची साडी नेसायची नाही यावर फोन सुरू असतात. 'संक्रांत येणे' कळायला घरचे पंचांग पुरेसे असताना सदरलेखकांना पानिपतापर्यंत कशाला जावे लागले? आणि ज्या कागदावरून त्यांना हे कळले, तो कागद कोणता? तो व्हॉट्सॲपवर तर फिरत नव्हता?

आपण म्हणाल, म्हातारा तीन-चार दिवसांच्या फरकासाठी एवढा का तापला? त्याचे कारण असे की अशाच एका सोयीच्या तारखेने माझे आठ महिने खाल्ले आहेत.

माझा जन्म १९५१ सालचा, भोगीचा. आई सांगायची, चुलीवर भोगीच्या भाजीचे पातेले होते, ती बाजरीच्या भाकरीवर तीळ थापत होती आणि तेवढ्यात कळा सुरू झाल्या. तव्यावरची भाकरी करपली ती शेवटी म्हशीला घातली. आजोबांनी त्या वर्षीच्या पंचांगात भोगीच्या ओळीपुढे शिसपेन्सिलीने 'मुलगा' एवढेच लिहून ठेवले. ते पंचांग माझ्याकडे आहे. कडा कुरतडलेल्या आहेत, पण 'मुलगा' शाबूत आहे.

१९५६ च्या जूनमध्ये थोरल्या भावाबरोबर मलाही शाळेत धाडायचे ठरले, म्हणजे दुपारी आईच्या हाताला उसंत. गुरुजी म्हणाले, 'सहा पुरी लागतात.' आईने भोगी सांगितली. गुरुजींनी बोटे मोजली, मान हलवली आणि टाक दौतीत बुडवून लिहिले : १ जून १९५०. झाले! मला पाच मिनिटांत सहा पुरी झाली. त्या दिवशी गुरुजींनी आणखी तिघांना सहा वर्षांचे केले, सगळे १ जूनचेच. आपल्या वाचकांत असे १ जूनवाले पुष्कळ असतील, त्यांना हे निराळे सांगायला नको. आमच्या निवृत्तांच्या गटात तर त्या दिवशी केकच्या चित्रांनी फोन गरम होतो. एकाच आईच्या पोटी जन्मल्यासारखे आम्ही सगळे त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छा देतो आणि सगळ्यांना ठाऊक असते की आज कुणाचाच वाढदिवस नाही.

पुढे सरकारी नोकरी लागली. सेवापुस्तकात दाखल्यावरची तारीख चढली. बऱ्याच वर्षांनी मी पंचांग पिशवीत घालून आस्थापनेच्या टेबलावर गेलो. तिथल्या गृहस्थांनी ते उघडलेसुद्धा नाही. 'अहो, पंचांगाला कोण विचारतंय? दाखल्यावर काय आहे ते बोला. आणि अर्जाची मुदत केव्हाच गेली.' मी म्हणालो, पण मी त्या दिवशी जन्मलो नाही हो. ते म्हणाले, 'कागदावर जन्मलात ना?'

महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. ३१ मे २००८ रोजी मला शाल आणि नारळ मिळाला. भोगी धरली असती तर ३१ जानेवारी २००९. आठ महिन्यांचा पगार गुरुजींच्या टाकाच्या एका फटकाऱ्यात गेला. पण त्या माणसावर माझा राग नाही. त्यांनी तारीख बदलली ती एका पोराला शाळेत घ्यायला. आपल्या सदरलेखकांनी संक्रांत कुणाच्या भल्यासाठी हलवली?

आई शेवटपर्यंत मला भोगीलाच ओवाळायची. 'तारीख मला कळत नाही, भोगी कळते,' म्हणायची. आता मुलगी पुण्याहून तेराला फोन करते, बहीण भोगीला. २०२४ ला भोगी चौदाला आली तेव्हा दोन दिवस वाढदिवस झाला. बँकेचा संदेश अर्थात १ जूनला.

शिवरायांच्या तारखांत मी शिरत नाही, त्या वादाला आयुष्य पुरायचे नाही. एवढेच लक्षात आणून देतो की राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या इंग्रजी कॅलेंडरची आहे. मुंबईचे इंग्रज तेव्हा ते जुने पाळत होते आणि गोव्याचे पोर्तुगीज नवे, म्हणजे दोघांत दहा दिवसांचे अंतर. रायगडावर आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन ज्याला ६ जून म्हणत होता, त्याच दिवसाला गोव्यात १६ जून म्हणत होते. दोघांनाही एकच पटणारी गोष्ट म्हणजे गडावरची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. जूनमध्ये हे सदर लिहिताना कुणी तरी एवढे बघेल का? गेल्या वर्षीही मी याबद्दल पत्र टाकले होते. ते छापले गेले नाही. त्या दिवशी त्या जागेत केस गळणे थांबवणाऱ्या तेलाची जाहिरात होती. वाचकांना तिचा जास्त उपयोग झाला असेल.

आणखी एक. पूर्वी आपल्या पहिल्या पानावर नावाखाली एक बारीक ओळ असायची : शके, मास, पक्ष, तिथी. चहा घेता घेता ती वाचायची सवय होती. गेल्या दिवाळीपासून ती ओळ गेली आणि तिथे सदनिकांचे दर आले. ती ओळ असती तर काल सदरलेखकांना निदान यंदाची पौष वद्य एकादशी दिसली असती, आणि पानिपतच्या शुद्ध अष्टमीशी ताडून पाहावे असे कदाचित मनात आले असते. कदाचित.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपा करून आतल्या पानावर कोपऱ्यात छापू नका. चौकट जेवढी होती तेवढीच असावी.

आपला,
१९७८ पासूनचा एक वर्गणीदार,
जि. सातारा

ता. क. वार्षिक वर्गणीबरोबर कबूल केलेले कॅलेंडर अजून मिळालेले नाही. पेपर टाकणारा मुलगा म्हणतो, 'वरूनच आलं नाही, आजोबा.' जानेवारी अर्धा संपला.