मुलांच्या रॉकेटसाठी एक माळ द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई 400032

विषय : मुंबई परिसरातील विद्यार्थ्यांना छोटी रॉकेट उडवण्यासाठी जागा व परवानगी मिळणेबाबत.

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सुटल्यावर आमचा विज्ञान गट भरतो आणि आठवी ते दहावीची मुलेमुली तिथे रॉकेट बनवतात. ती कपाटात तयार उभी आहेत. उडवायला जागा नाही, आणि जागा मिळाली तरी परवानगी नेमकी कोणाकडे मागायची हे कुठल्याच कार्यालयाला मला सांगता आलेले नाही. म्हणून हे पत्र.

आधी हे रॉकेट कसे असते ते सांगते. त्याचे नाव काढले की समोरच्याला एक तर श्रीहरिकोटा आठवते, नाही तर दिवाळीत बाटलीत उभे करून पेटवतात ते. आमचे रॉकेट म्हणजे हातभर लांबीची पुठ्ठ्याची नळी. वर प्लॅस्टिकची टोपी, खाली बाल्साच्या हलक्या लाकडाचे तीन किंवा चार पंख, आत घडी घातलेले पॅराशूट. तळाशी बोटाएवढी मोटर बसते. ती कारखान्यातूनच भरून, बंद होऊन येते आणि एक-दोन सेकंदांत जळून संपते. पुढचे काही सेकंद रॉकेट नुसत्या वेगावर चढत राहते. मग मोटरीतलाच एक छोटा बार टोपी उडवतो आणि पॅराशूट बाहेर पडते. काडी लावायची नसते. पाच मीटर लांबून, वायर आणि बॅटरीने पेटवायचे. त्या पेटीला किल्ली असते आणि किल्ली शिक्षकाच्या खिशात. दिवाळीतले रॉकेट कुणाच्या गच्चीत पडेल याचा नेम नाही. हे पॅराशूटने खाली येते आणि नवी मोटर घातली की पुन्हा उडते.

या मोटरी आम्ही अजून वापरलेल्या नाहीत, कारण परवानगीवाचून वापरायच्या नाहीत हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगितले आहे. आजवर उडवली ती पाण्याची रॉकेट : दोन लिटरची बाटली, तिसरा हिस्सा पाणी आणि सायकलचा पंप. तेवढ्यावरही मुले किती शिकतात ते आपण एकदा येऊन पाहावे अशी माझी इच्छा आहे. रॉकेट सरळ जाईल की गटांगळ्या खाईल हे उडवण्याआधी कळते. ते जिथे तोलून राहते तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचे. नाक पुढे धरून फिरले तर ठीक. आडवे झाले, तर टोपीत थोडी माती भरायची आणि पुन्हा फिरवायचे. माझ्या वर्गातली एक मुलगी, जी फळ्यावर वस्तुमानकेंद्र काढताना मान खाली घालून बसायची, ती आता नव्या मुलांना दोरी कुठे बांधायची ते दाखवते. उंची मोजायला कोनमापक, दोरा आणि लोंबता नट पुरतो. शंभर मीटर लांब उभे राहून उन्नत कोन 45 अंश आला तर रॉकेट 100 मीटर गेले, 60 आला तर 173. दहावीची त्रिकोणमिती कशासाठी, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारलेला नाही. आणि दहावीच्या विज्ञान भाग 1 च्या पुस्तकात गुरुत्वाकर्षण हा पहिला धडा आहे, अवकाश मोहिमा हा दहावा. मुक्तिवेग 11.2 किलोमीटर प्रति सेकंद, हे मुलांना पाठ आहे. स्वतः बनवलेली वस्तू शंभर मीटर वर जाताना त्यांनी पाहिलेली नाही.

आता जागेचे. रॉकेट 200 मीटर वर गेले, पॅराशूट उघडले आणि ते सेकंदाला चार मीटरने उतरू लागले, तर जमिनीला टेकायला 50 सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला पाच मीटरचा, म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा वारा असला, तर ते 250 मीटर वाहत जाते. मुंबईत कुठल्याही मैदानाच्या मधोमध उभे राहून 250 मीटर मोजा. रस्ता लागतो, गच्ची लागते, नाही तर रेल्वेची 25,000 व्होल्टची तार. शाळेचे मैदान तर सोडाच, शिवाजी पार्कही या कामाचे नाही. दुपारी समुद्रावरून येणारा वारा वाढतो, तेव्हा सकाळी लवकर उडवणे हाच शहाणपणा. पण जागा लहान असेल तर सकाळही पुरत नाही.

आम्ही शहरात खूप शोधले. मुलुंड-भांडुपची मिठागरे घरापासून जवळ, मोकळी, सपाट. पण ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरतात तो हंगाम आणि आमचा हंगाम एकच, आणि त्या पक्ष्यांना उठवून मुलांना विज्ञान शिकवायचे हे मला पटत नाही. आरेत बिबटे आहेत आणि वाळले गवत आहे. ठिणगीची जोखीम तिथे घेऊ नये. गोराई, मनोरीच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी माणसांची गर्दी, आणि पाण्यात पडलेले पुठ्ठ्याचे रॉकेट पुन्हा उडत नाही. या सगळ्याच्या डोक्यावर विमाने. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूचे धावपट्टीचे मैदान, कुलाब्याचा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ, आणि आता नवी मुंबईचा विमानतळ. ड्रोनसाठी 2021 च्या नियमांनुसार केलेल्या नकाशात विमानतळाच्या हद्दीपासून 5, 8 आणि 12 किलोमीटरचे पट्टे आखले आहेत. तेच पट्टे आपल्या दोन्ही मोठ्या विमानतळांभोवती नकाशावर काढले की शहराचा बहुतेक भाग त्यांत येतो. मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर यांवर मनाईचे आदेश काढतात आणि मुदत संपली की पुन्हा काढतात. 26/11 सोसलेल्या शहरात ते व्हायलाच हवे. मुंबईच्या हद्दीत रॉकेट उडवू द्या, अशी माझी मागणी नाही.

मागणी आहे ती शहराबाहेरच्या एका माळाची. मुरबाड किंवा वाडा तालुक्यात भातकापणी झाली की खाचरे मोकळी होतात, आणि गावागावांत गायरान, माळरान आहे. मुलुंडहून लोकलने कल्याण आणि पुढे एसटीने मुरबाड, हा प्रवास शाळेच्या सहलीला झेपतो. पहाटे निघून, सकाळी उडवून, दुपारच्या जेवणाला मुले घरी येतात. तिथल्या शाळांनाही बरोबर घेता येईल, आणि मला ते फार हवे आहे. माळ त्यांच्या गावचा, तर पहिली पाळी त्यांच्या मुलांची.

एका गावात जमीनमालक तयारही झाले. पीक निघाल्यावर शेत द्यायला त्यांची हरकत नव्हती, फक्त ‘पोलिसांचा कागद आणा’ एवढेच ते म्हणाले. तिथून चकरा सुरू झाल्या. एका कार्यालयाने दुसरीकडे धाडले, दुसऱ्याने तिसरीकडे. कोणी उद्धटपणे वागले नाही हे मुद्दाम लिहिते. एका साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि आस्थेने विचारले, ‘मॅडम, याला फटाका म्हणायचे की विमान?’ प्रश्न अगदी बरोबर होता. फटाका म्हटले तर 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे स्फोटक नियम, विमान म्हटले तर नागरी विमान वाहतुकीचे खाते, जमीन महसूलची, बंदोबस्त गृहखात्याचा, आणि मुले आपल्या खात्याची. ड्रोनच्या नियमांत हे बसत नाही, कारण ते सुटल्यावर त्याला कोणी चालवत नाही. अर्जावर आवक शिक्का बसला आणि घोंगडे तिथेच भिजत पडले. कोणी नाही म्हटले असते, तर निदान का नाही ते विचारता आले असते.

हे असे लटकत राहणे धोक्याचे आहे, आणि या पत्रातले माझे मुख्य म्हणणे हेच आहे. मुले व्हिडिओ पाहतात. घरच्या घरी इंधन कालवून लोखंडी किंवा पीव्हीसी नळीत ठासायचे प्रकार त्यांना एका बोटावर दिसतात. सरळ वाट बंद असेल तर त्यातला एखादा हुशार, धीट मुलगा गच्चीवर जाणारच. अमेरिकेत नेमके हे घडले. 4 ऑक्टोबर 1957 ला सोव्हिएत रशियाचा उपग्रह स्पुटनिक वर गेला आणि तिथली पोरे तळघरांत धातूच्या नळ्या भरू लागली. कित्येकांचे हातडोळे गेले. त्यावर उपाय शोधणाऱ्यांत नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी चपलाबुटांचे दुकान चालवणारे ऑरव्हिल कार्लाइल होते. त्यांनी कागदी अंगाचे आणि बदलत्या मोटरीचे छोटे रॉकेट आधीच केले होते. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र केंद्रात काम केलेले हॅरी स्टाइन त्यांना येऊन मिळाले, 1957 मध्येच तिथल्या हौशी रॉकेटकारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिने सुरक्षेची संहिता केली. मुलांनी इंधनाला हात लावायचा नाही, मोटर कारखान्यातलीच घ्यायची, हा तिचा गाभा.

ती संहिता आजही चालते आणि तिच्यातले आकडे आपल्याला सरळ उचलता येतील. रॉकेटचे वजन 1500 ग्रॅमच्या आत, इंधन 125 ग्रॅमच्या आत. अंग कागद, लाकूड, प्लॅस्टिकचे. पेटवणे विजेनेच. वारा ताशी 32 किलोमीटरच्या वर असेल तर त्या दिवशी उडवायचे नाही. रॉकेट पेटले नाही तर किल्ली काढायची आणि पूर्ण एक मिनिट कोणी जवळ जायचे नाही. मैदानाची लांबीरुंदी मोटरीच्या ताकदीप्रमाणे : शाळेतल्या नेहमीच्या छोट्या मोटरीला साधारण 120 मीटर, सर्वांत मोठीला 300. म्हणजे भोवती मोकळी शेते असलेला, 300 मीटर लांब-रुंद, सुमारे 22 एकरांचा माळ मिळाला तर मुंबई, ठाणे, पालघर, रायगड या सगळ्या जिल्ह्यांतल्या शाळांचे काम होते.

आपल्या देशात हे होत नाही असेही नाही. 2025 मध्ये इन-स्पेस या केंद्राच्या अवकाश खात्यातल्या संस्थेने उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट (डब्याएवढा नमुना-उपग्रह) स्पर्धा घेतली. तिथे जमीन मिळाली, आकाश मिळाले, बंदोबस्त मिळाला, कारण सगळी खाती एका टेबलाशी बसली. मुंबईचे म्हणाल तर आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ उपग्रह 26 सप्टेंबर 2016 ला पीएसएलव्हीने कक्षेत गेला. या शहरात गुण आहेत. शाळकरी मुलाला मात्र किलोभराचे रॉकेट कुठे उडवायचे ते सांगणारे कोणी नाही.

स्फोटके आणि आकाश हे केंद्राचे विषय आहेत, याची मला जाणीव आहे. पण स्फोटकांची परवानगी देणाऱ्या पेसोचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, आणि जमीन, पोलीस, शाळा ही तिन्ही राज्याची. म्हणून विनंती अशी की आपण महसूल, गृह आणि आपले खाते यांची एक बैठक बोलवावी, तिला पेसो आणि नागरी विमान वाहतूक खात्याचे अधिकारी यावेत, आणि ठाणे किंवा पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात या कामासाठी एक अधिकारी नेमावा. अर्ज त्यांच्याकडेच जाईल. ते बाकीच्यांना विचारतील. माळ ठरवताना ग्रामसभेला विचारावे, जमीन खासगी असेल तर मालकाला भाडे मिळावे. तारखा डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या ठरावीक रविवारच्या, वेळ सकाळी सात ते दहा, उंचीला 300 मीटरची मर्यादा. विमान वाहतूक नियंत्रणाला आधी कळवलेले असेल, पाण्याचा टँकर आणि प्रथमोपचाराची पेटी जागेवर असेल. गवत उभे असलेल्या जागी उडवायचे नाही, ही अट आमच्यावर लेखी घाला. नोंद नसलेल्या गटाला आत घेऊ नका. विमा मागितलात तर आम्ही काढू.

एक काम त्याहून सोपे आहे आणि ते आपण एकट्याने करू शकता. पाण्याच्या रॉकेटमध्ये ज्वालाही नाही आणि स्फोटकही नाही. विमानतळाजवळच्या शाळा वगळून, मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि शिक्षकांच्या देखरेखीत ती शाळेच्या मैदानावर उडवता येतील असे एक परिपत्रक काढावे. त्यात दाबाची आणि अंतराची मर्यादा घालावी. असे परिपत्रक हाती नसल्यामुळे कित्येक मुख्याध्यापक, नको ती जोखीम म्हणून, विज्ञान प्रदर्शनात रॉकेट टेबलावरच ठेवायला लावतात.

भातकापणी दिवाळीच्या आसपास उरकते. बैठक त्याआधी झाली तर याच हिवाळ्यात पहिला रविवार गाठता येईल. अर्ज, माळाचा नकाशा, सुरक्षेची संहिता मराठीत आणि पालकांची संमतिपत्रे अशी फाइल मी तयार ठेवली आहे. आपल्या कार्यालयातून ज्या दिवशी बोलावणे येईल त्या दिवशी मी ती घेऊन हजर होते.

आपली नम्र,
मुलुंडमधील एक विज्ञान शिक्षिका