ब्रेक दाबताच ‘खट्’? आधी पॅड बदलू नका

महोदय,
पावसाळा सरला की गोव्यातल्या गॅरेजांत जुन्या गाड्यांची एकच तक्रार असते: ब्रेक दाबला की पुढून ‘खट्’ आवाज. बहुतेक जण थेट ब्रेक पॅड बदलून घेतात आणि आवाज तसाच राहतो. पॅड झिजले की करकरतात, खटकन वाजत नाहीत.

सपाट जागी चालण्याच्या वेगाने गाडी पुढे घेऊन ब्रेक दाबावा, मग रिव्हर्समध्ये. दिशा बदलताच एकेकदा ‘खट्’ वाजले, तर कॅलिपरमध्ये (पॅड चाकाच्या चकतीवर दाबणारा भाग) सैल बसलेला पॅड किंवा लोअर आर्मचा (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) फाटलेला बुश, म्हणजे सांध्यातले रबर, या दोघांवर पहिला संशय. पॅडची क्लिप गळालेली असते किंवा कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन सुकलेली. तिला सिलिकॉन ग्रीसच लावावे, साध्या ग्रीसने पिनेवरचा रबरी बूट (टोपण) फुगतो. कॅलिपरचे बोल्ट सैल असतील तर गाडी चालवूच नये.

बुश पाहायला गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर ठेवावी आणि पहारीने आर्म हलवावा. रबराला आरपार चीर दिसली की निदान झाले. चाक वर-खाली धरून हलले तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांमधला फिरता सांधा) किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे.

नवा बुश बसवताना बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच. चाके लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेले राहते नि लवकर फाटते. ही घाई सर्रास होते. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करून घ्यावीच.

— एक वाचक, फोंडा